नर्तकीने मांडलेले विधेयक

रुक्मिणीदेवी अरुंडेल हे नाव घेतले की भरतनाट्यम् आणि मद्रासचे कलाक्षेत्र डोळ्यांसमोर उभे राहते. स्नेहसंमेलनात पायांत चाळ बांधून उभ्या राहणाऱ्या आमच्या मैत्रिणींनाही त्यांची तेवढीच ओळख असते. परंतु सर्कशीच्या तंबूतून वाघ-सिंह दिसेनासे झाले, त्याचे मूळ शोधत गेले तर वाट याच बाईंच्या दारापर्यंत पोचते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नृत्याविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत झाला. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी बांधकाम खात्यात अभियंते होते आणि मनाने थिऑसॉफीकडे ओढले गेले होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या परिसरात आले, आणि डॉ. ॲनी बेझंट यांच्या भोवतीच्या मंडळींत ही मुलगी वाढली. १९२० साली, सोळाव्या वर्षी, तिने जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशी विवाह केला. वर वधूपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा, शिवाय परधर्मी आणि परदेशी! मद्रासच्या सनातनी समाजात त्यावेळी केवढे वादळ उठले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ते वादळ अंगावर घेण्याची सवय त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांची गाठ पडल्यावर त्या नृत्याकडे वळल्या, आणि पाव्हलोव्हांनीच त्यांना स्वतःच्या देशातील नृत्य शोधण्याचा सल्ला दिला. ते नृत्य होते ‘सदिर’, देवदासींनी जपलेले आणि प्रतिष्ठितांनी नाकारलेले. पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे त्या ते शिकल्या, १९३५ साली अड्यारला जाहीर रीतीने नाचल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. फोंड्याच्या वाचकाला यातील मर्म समजावून सांगायला नको. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी या आमच्या देवळांच्या आवारात कलावंतांच्या पिढ्यांनी गाणे राखले. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर याच तालुक्यातील केरीच्या. ज्यांनी कला जपली त्यांना बाजूला सारून ती उच्चवर्णीयांनी उचलली, असा आक्षेप रुक्मिणीदेवींवर घेतला जातो. तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९५२ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. कलावंत सभासदाने कलेवर दोन शब्द बोलावेत आणि मानाने निवृत्त व्हावे, अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. रुक्मिणीदेवींनी १९५३ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास आळा घालणारे खाजगी विधेयक मांडले. त्यावेळी देशात यासंबंधी ब्रिटिशांनी १८९० साली केलेला जुनाट कायदाच होता. सर्कशीच्या रिंगणात खेळ करणाऱ्या जनावरांचा स्वतंत्र विचार त्यात नव्हता.

विधेयकाच्या हेतूविषयी पंडित नेहरूंना सहानुभूती होती; परंतु त्यातील सर्वच कलमे त्यांना मान्य नव्हती. सरकार समिती नेमून स्वतःच असा कायदा आणील, असे आश्वासन त्यांनी दिले आणि १९५४ मध्ये रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले. येथे त्या नमल्या असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. खाजगी विधेयकांचे आपल्या संसदेत काय होते ते पाहावे : स्वातंत्र्यानंतर आजवर अशी जेमतेम १४ विधेयके कायद्यात उतरली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. हट्टाने मतदान मागून हरण्यापेक्षा सरकारला शब्दात बांधून घेणे शहाणपणाचे होते. तो शब्द पुरा व्हायला मात्र सहा वर्षे लागली. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला.

कायदा झाला, पण तो त्यांच्या मनासारखा सर्वस्वी नव्हता. प्रयोगशाळेतील प्रयोगांना त्यात वाव राहिला, धर्मविधीतील पशुहत्येला सूट मिळाली. सर्कशीपुरते एक पूर्ण प्रकरण आले : जनावरांचे खेळ करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, अधिकाऱ्याला तपासणी करता आली पाहिजे, आणि नियम मोडल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी कोठेच नव्हती. मात्र २२ व्या कलमात एक ओळ होती. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या प्राण्याचे नाव जाहीर करील, त्याला खेळासाठी शिकविता येणार नाही आणि त्याचे खेळही दाखविता येणार नाहीत. नावांची जागा कोरी होती. ही कोरी जागाच मला त्या कायद्यातील सर्वांत मोलाची वाटते.

मराठी माणसाला हा प्रश्न सोपा नाही, हेही कबूल केले पाहिजे. सर्कस हा आपला अभिमानाचा विषय. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, ती साहेबाच्या तोडीस तोड म्हणून. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबळ्यांचे खेळ करीत अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले. लहानपणी फोंड्यात सर्कस आली की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सिंहाची डरकाळी ऐकू यायची आणि आम्ही भावंडे आनंदाने आजीला बिलगत असू. तो आनंद खोटा नव्हता. पण डरकाळी फोडणारा तो प्राणी दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठे असतो, हा विचार आमच्या मनाला शिवला नाही. तो असे चाकांवरच्या पिंजऱ्यात, जेमतेम वळता येईल एवढ्या जागेत. आणि मुक्काम हलला की त्याच पिंजऱ्यातून पुढच्या गावाला. वाघाला आगीची उपजत भीती. जळत्या कड्यातून उडी मारायला तो शिकतो, तेव्हा त्या आगीहून मोठी भीती कोणीतरी त्याच्या मनात घातलेली असते.

नृत्याच्या गुरूकडे वर्षानुवर्षे अंग मोडून घेतलेल्या बाईला शिकणे म्हणजे काय हे पुरते माहीत होते. शिष्य नको म्हणू शकतो, उठून घरी जाऊ शकतो. पिंजऱ्यातल्या विद्यार्थ्याला ती सोय नसते. कला आणि करुणा ही त्यांची दोन कामे मला एकमेकांपासून दूरची वाटत नाहीत, ती यामुळे.

१९६२ साली कायद्यानुसार जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम यायला १९७३ साल उजाडले. सरकारी गाडा असाच चालतो! १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारले, त्यांनी नकार दिला. कलाक्षेत्र आणि प्राण्यांचे काम त्यांना पुरेसे होते. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत २२ व्या कलमातील ती जागा कोरीच होती.

त्यांच्या मागे कायदा कामाला लागला. १९९६-९७ मध्ये याच कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आमच्याकडील धीरयो म्हणजे बैलांच्या झुंजी बंद करविल्या. त्या अजूनही चोरून होतात आणि त्यांना मान्यता द्या अशी मागणीही अधूनमधून विधानसभेत होते, ती गोष्ट निराळी. सर्कशीतल्या प्राण्यांची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. सर्कसवाल्यांनी ती न्यायालयात नेली. त्यांच्या बाजूनेही पोटापाण्याचा खरा प्रश्न होता, शेकडो कुटुंबे त्यावर जगत होती. फेरविचार होऊन १४ ऑक्टोबर १९९८ रोजी नवी अधिसूचना आली : अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह. केरळ उच्च न्यायालयाने ती २००० साली उचलून धरली, आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कसवाल्यांचे अपील फेटाळले.

मग पिंजरे रिकामे होऊ लागले. तंबूत जन्मलेल्या या जनावरांना जंगल माहीतच नव्हते, तेव्हा सोडून देणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी बचाव केंद्रे उभारण्यात आली. तेथे त्यांचे प्रजनन थांबविण्यात आले आणि नैसर्गिक मरण येईपर्यंत त्यांना सांभाळण्यात आले. या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक ज्या बन्नेरघट्ट्याला सहलीला जातात, तेथे असे एक केंद्र होते. दुसरे होते चेन्नईच्या वेशीवर वंडलूरला, रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्रापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर.