सेठ वालचंद आणि अनिश्चिततेचा हिशेब

दरवर्षी ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबई बंदरातून लंडनच्या वाटेला लागली. बोट नवी नव्हती. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती पॅसिफिक महासागरातील उतारूंच्या वाहतुकीसाठी बांधली गेली होती. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती घेतली आणि पहिल्या महायुद्धात ती रुग्णालय-जहाज म्हणून वापरली गेली. ही अठ्ठावीस वर्षांची बोट विकत घेणाऱ्यांमध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासारखे मुंबईतील मातब्बर गिरणीमालक होते, तसेच सोलापूरचे वालचंद हिराचंद हेही होते. वालचंदांचे वय तेव्हा छत्तीस. जहाजांच्या धंद्याचा अनुभव शून्य.

हा निर्णय त्यांनी कोणत्या आधारावर घेतला असेल? उद्योजकतेच्या कार्यशाळांतून हल्ली जोखमीची गणिते शिकवली जातात. त्यांत ‘लॉयल्टी’ची खरेदी बसवून पाहिली तर ती कोठेच बसत नाही. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली धोका आणि अनिश्चितता यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. हजार घरांपैकी वर्षाला साधारण किती जळतात हे विमा कंपनीला ठाऊक असते. हा धोका, आणि त्याचा हप्ता ठरवता येतो. परंतु जी गोष्ट पूर्वी त्याच रीतीने घडलेलीच नाही तिची शक्यता मोजायची कशी? नाइटच्या मते नफा मिळतो तो ही न मोजता येणारी अनिश्चितता अंगावर घेण्याबद्दल. आमच्या वसईच्या पाचूबंदरातील तांडेल नाइटचे नावही न ऐकता हा भेद जाणतो. भरती-ओहोटीचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. मासळी कोठे लागेल याचा मात्र नसतो, आणि तरीही डिझेल भरून होडी पाण्यात लोटावीच लागते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यात झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुंबई-पुण्यात कॉलेजचे शिक्षण सुरू झाले, पण पदवी पदरात पडली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही आणि रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते बांधकामाच्या ठेकेदारीत उतरले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागीदारी सुरू झाली. पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीशी संबंध जडून बोरघाटातील बोगद्यांसारखी अवजड कामे हाती आली. जी तानसा नदी वज्रेश्वरी-अकलोलीवरून वाहत आपल्या भागात येते, तिच्यावरील तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या नळांचे कामही त्यांनी केले. ठेकेदाराला निविदा भरताना डोंगराच्या पोटात मुरूम आहे की काळा पाषाण हे ठाऊक नसते. दर मात्र आधीच लिहून द्यावा लागतो. या धंद्यात घडलेला माणूस अपुऱ्या माहितीवर सही करायला बिचकत नाही, आणि दर चुकला तरी काम अर्धवट टाकीत नाही. वालचंदांचे खरे शिक्षण हेच म्हणावयाचे.

जहाजधंद्यात जुन्या अनुभवाची आकडेवारी नव्हती असे मात्र नाही. होती, आणि ती सगळी उलट बाजूची होती. जमशेटजी टाटांनी गेल्या शतकापूर्वीच्या अखेरीस जपानी कंपनीच्या साहाय्याने सुरू केलेली जहाजसेवा पी. अँड ओ. कंपनीच्या दरयुद्धापुढे टिकली नव्हती. तुतिकोरीनला चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे इतके खाली आणले की अखेर उतारूंना फुकट नेण्यापर्यंत मजल गेली. पिल्ले तुरुंगात गेले आणि १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली. मागील उदाहरणांवरून शक्यता काढणाऱ्या कोणत्याही विचारी माणसाने १९१९ साली आपला पैसा पेढीतच ठेवला असता.

वालचंदांनी ही उदाहरणे निराळ्या रीतीने वाचली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आधीच्या कंपन्या बुडाल्या त्या माल मिळत नव्हता म्हणून नव्हे, दरयुद्ध सोसण्याइतके भांडवल पाठीशी नव्हते म्हणून. यास्तव ‘लॉयल्टी’ला मुंबईबाहेर पडण्यास काही दिवस उरले असतानाच, २७ मार्च १९१९ रोजी, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. भांडवल साडेचार कोटींचे ठरले. त्या काळाच्या मानाने हा आकडा छाती दडपविणारा होता. शिंद्यांची बोट घेतली म्हणून कंपनीला सिंदिया हे नाव मिळाले.

निदान योग्य होते, वेळ मात्र सपशेल चुकली. युद्धानंतरच्या तेजीत जहाजांच्या किमती शिगेला पोचल्या असताना खरेदी झाली आणि १९२० नंतर जगभर मालवाहतुकीचे दर कोसळले. स्वतः ‘लॉयल्टी’ १९२३ साली भंगारात निघाली. त्यातच पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांनी दरयुद्ध आरंभले आणि सिंदिया कंपनी विकत घेण्याचीही तयारी दाखवली. नरोत्तम मोरारजी व वालचंद यांनी विकण्यास नकार दिला. येथपर्यंतची कथा वीररसाची आहे आणि चरित्रकारांना ती आवडते. पुढची कमी आवडते.

१९२३ साली सिंदियाने इंचकेप यांच्याशी करार केला. दहा वर्षे आपल्या जहाजांचे एकूण टनेज ठराविक मर्यादेपलीकडे न्यावयाचे नाही आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यापलीकडच्या व्यापारात पडावयाचे नाही. मोबदल्यात दरयुद्ध थांबेल. लंडनला निघालेल्या कंपनीने लंडनचे नावच सोडून दिले. स्वदेशीच्या भाषेत ही शरणागती होती आणि करार मानहानीचा होता यात शंका नाही. तथापि वालचंदांच्या सबंध आयुष्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय कोणता असे कोणी विचारल्यास मी याच कराराकडे बोट दाखवीन. चिदंबरम पिल्ले यांच्या कंपनीला न मिळालेली एकच वस्तू त्यातून मिळाली, ती म्हणजे मुदत. भविष्य कळत नसताना शिल्लक राहणे हेच मोठे भांडवल असते. या मुदतीत कंपनीने खलाशी, अधिकारी आणि गिऱ्हाइके जोडली. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून १९२८ साली विधिमंडळात हाजी यांचे विधेयक आले त्यामागेही हीच मंडळी होती. विधेयक तडीस गेले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात वारले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले.

साखरेविषयी थोडक्यात. नाशिक जिल्ह्यातील रावळगावचे माळरान त्यांनी लागवडीखाली आणले तेव्हा परदेशी साखरेवर संरक्षक जकात नव्हती. ती १९३२ साली आली आणि लगोलग तेथे कारखाना उभा राहिला. इंदापूर तालुक्यातील कळंबचे वालचंदनगर याच सुमाराचे. दैव अनुकूल होते असे म्हणता येईल. पण ऊस आधीच शेतात उभा होता.

दुसऱ्या महायुद्धाने तर त्यांना झपाटलेच. १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. मोटारींसाठी प्रथम फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटल्यावर क्रायस्लरशी. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली.

येथे मात्र ठेकेदाराचा सावधपणा सुटलेला दिसतो. तीन अवाढव्य उद्योग एकाच वेळी, आणि तिन्हींचे मोठे गिऱ्हाईक किंवा परवानेदार एकच, ते म्हणजे सरकार. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणवर बाँब टाकले व तेथील काम खोळंबले. त्याच महिन्यात विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा सरकारने विकत घेऊन टाकला. मोबदला मिळाला; कारखाना गेला. बाजाराची अनिश्चितता त्यांनी आयुष्यभर झेलली, परंतु राज्यकर्त्यांच्या मनाची अनिश्चितता त्यांनी कायम कमी लेखली, आणि स्वराज्य आल्यावर ती संपेल हा त्यांचा अंदाजही खरा ठरला नाही. विशाखापट्टणला बांधलेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले आणि चारच वर्षांत त्या कारखान्याची मोठी मालकी सरकारकडे गेली.

वालिव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून आज जे तरुण उद्योग चालवतात त्यांना वालचंदांची गोष्ट सांगताना हा उत्तरार्ध वगळू नये असे वाटते. राहते घर तारण ठेवून एकाच मोठ्या कंपनीसाठी सुटे भाग बनविणारा गाळेधारक धाडसाच्या बाबतीत वालचंदांहून कमी नसतो. त्याच्यापाशी नसते ती साडेचार कोटींची गंगाजळी आणि इंचकेपकडून मिळालेली दहा वर्षे. बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून जिंकलेल्यांची धिटाई आपल्याला नियमासारखी दिसू लागते.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, पुढील वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सिंदियाची जहाजे आज समुद्रावर नाहीत. प्रीमियरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. १९२६ साली त्यांनी काढलेली, फारसा गाजावाजा नसलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी मात्र आजही निविदा भरते. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तिनेच बांधला.