सलाइनच्या बाटलीवरचे नाव

उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या कुत्र्याला वा मांजराला पशुवैद्याकडे नेले की शिरेतून सलाइन लावले जाते. त्या बाटलीवर अनेकदा ‘रिंगर लॅक्टेट’ अशी अक्षरे असतात. हे नाव सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरांचे.

इंग्लंडमधील नॉर्विच येथे १८३५ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे तेथील रुग्णालयातच त्यांनी सुमारे चार दशके रुग्णसेवा केली. औषधोपचारांवरील त्यांचा ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. रुग्णांमधून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर कोणत्या द्रवात धडधडत राहते, हा त्यांचा शोधविषय होता. मिठाच्या साध्या द्रावणात ते कित्येक तास चालते, असे त्यांना आढळले आणि तसे निष्कर्ष १८८२ मध्ये प्रसिद्धही झाले. पुढे उलगडा झाला की, द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाण्यातल्या द्रावणात हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमच ते चालते ठेवीत होते. रिंगर यांनी ही चूक लपविली नाही. १८८३ मध्ये नवा लेख लिहून त्यांनी ती जाहीरपणे दुरुस्त केली. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे योग्य प्रमाण असलेले द्रावण या कामातून साकारले. १८८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९१० मध्ये यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात, १९३२ च्या सुमारास, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी या द्रावणात लॅक्टेटची भर घातली. शरीरात लॅक्टेटचे बायकार्बोनेट होते व रक्तातील वाढलेली आम्लता उतरते. मुलांसाठी सिद्ध झालेले हे द्रावण पुढे प्राण्यांच्याही उपयोगी पडले.

मात्र बाटली लावली की काम संपले, असे नसते. हिरड्यांचा कोरडेपणा, चिमटीत धरून सोडलेली कातडी पूर्ववत होण्यास लागणारा वेळ, खोल गेलेले डोळे यांवरून पशुवैद्य तूट अजमावतात. दहा किलोच्या कुत्र्याच्या शरीरातील पाणी वजनाच्या आठ टक्के घटले असेल, तर तूट ८०० मिलिलिटर भरते. त्यात दैनंदिन गरज आणि चालू उलट्या-जुलाबांतून होणारा ऱ्हास मिळवावा लागतो. प्राण्याला धक्क्याची अवस्था नसेल, तर ही तूट सहसा काही तासांत विभागून भरून काढतात. मांजरांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. द्रव जास्त झाला तर फुप्फुसांत पाणी साचून जीव धोक्यात येतो.

म्हणूनच दर काही तासांनी प्राण्याला पुन्हा तपासून, वजन करून आधीचा हिशेब बदलला जातो. पहिला अंदाज चुकू शकतो, हे मान्य करण्यातच रुग्णाचे हित असते. रिंगर यांचे द्रावणही अशाच एका कबुलीतून घडले होते.