एका पाण्यावर गहू: इंदूरच्या हॉवर्डसाहेबांची गोष्ट

गव्हाला पाणी किती द्यायचं, हा विषय माळव्यापासून बेळगावपर्यंत दर रब्बीला निघतो. विहीर भरलेली असली की हात सैल सुटतो, आणि ती तळाला गेली की हिशेब सुरू होतो. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज शास्त्रज्ञानं हाच हिशेब आधी मांडला. त्यांचं नाव अल्बर्ट हॉवर्ड.

जन्म 1873 चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरचा, घर शेतकऱ्याचं. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांवर काम करू लागले. तिथं एक गोष्ट त्यांना खटकली. शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो पडताळून बघायला स्वतःचं रान नाही. म्हणून 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथं सरकारी नोकरीवर येताच त्यांनी जमीन मागून घेतली. 75 एकर मिळाली. पत्नी गॅब्रिएल याही तोलामोलाच्या शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून पुसा 4, पुसा 12 अशा गव्हाच्या जाती काढल्या.

पाण्याचा धडा मात्र मिळाला बलुचिस्तानातल्या क्वेट्ट्यात. पाऊस तुटपुंजा, तरी गव्हाला पाण्यावर पाणी देण्याची रीत. हॉवर्ड दांपत्यानं उलटं करून बघितलं. पेरणीआधी रान एकदाच चांगलं भिजवायचं, वाफसा आला की मशागत करून ओलीतच बी पेरायचं. पुढे पावसानं पपडी धरली की हलका दाताळ कुळव फिरवून ती फोडायची. त्यामुळे ओल उडून जात नाही आणि मुळांना हवा मिळते. जास्त पाण्यानं जमीन आवळते, मुळं गुदमरतात, हे त्यांनी पिकातूनच दाखवून दिलं. वाचलेल्या पाण्यात आणखी रान भिजू शकत होतं.

पुशात प्रत्येक शास्त्राचा कप्पा वेगळा. पीक, माती, जनावर यांचा एकत्र विचार करायचा म्हटलं की विरोध. शेवटी 1924 मध्ये ते इंदूरला आले. होळकर दरबारानं 300 एकर जमीन दिली आणि तिथं संशोधन संस्था उभी राहिली. संस्थेचं मुख्य पीक कापूस, पण खरी कीर्ती झाली ती खताची. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारी माती आणि राख यांचे थर लावायचे, ते पालटायचे, आणि साधारण 3 महिन्यांत खत तयार. जगात ही पद्धत इंदूरच्याच नावानं गेली.

1930 मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी खतावरचं पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं. त्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. 1934 मध्ये सर झाले, 1940 मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, आणि ऑक्टोबर 1947 मध्ये ते गेले.

सेंद्रिय शेतीचं नाव निघालं की आज हॉवर्ड आठवतात. गॅब्रिएल आणि वाड क्वचितच. पण शेतात बी टाकण्याआधी ओल बघणारे आणि गुरांची ताकद जोखणारे इथले शेतकरीच आपले गुरू, असं हॉवर्ड स्वतः मानत. ती जागा आजही इंदुरात आहे. तिथं आता कृषी महाविद्यालय भरतं.