कै. डॉ. रखमाबाई

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, १८६४ सालचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी त्यांचे लग्न लागले. पण त्या माहेरीच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या व शिकल्या. पुढे सासरी जाण्याचे नाकारताच पतीने १८८४ साली हायकोर्टात नांदण्याचा दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. परंतु अपिलानंतर पुन्हा सुनावणी होऊन १८८७ साली हुकूम झाला : नांदावयास जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली.

काही जातींतील रूढीचा काडीमोड सोडला, तर हिंदू स्त्रीस त्या वेळी घटस्फोट नव्हता. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पतीने तडजोड केली. पोटगी दूरच, येथे पतीलाच पैसे मोजून सुटका करून घ्यावी लागली!

विलायतेत शिकून त्या १८९४ साली डॉक्टर झाल्या; सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. घटस्फोट व पोटगी देणारा हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई निवर्तल्या. आज कोर्टाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक भगिनीने त्यांचे ऋण स्मरावे.