निवडीचे गणित मांडणारे हॉल्डेन

संगणकाला अवघड कोडे घालावे. त्याने उत्तर थेट न शोधता शेकडो कच्ची उत्तरे तयार करावीत, त्यांतील सरस तेवढी राखून त्यांचा परस्परांशी संकर करावा, मधूनच किंचित फेरबदल करावा आणि पिढ्यामागून पिढ्या हा क्रम चालवावा, अशी एक रीत आता चांगलीच रूढ झाली आहे. तिला उत्क्रांतिमूलक संगणन म्हणतात. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९७५ साली निघाला. परंतु निसर्गातील निवड आकड्यांत बसते, हे त्याआधी कोणीतरी दाखवून द्यावयास हवे होते. ते कार्य रोनाल्ड फिशर, सीवॉल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन या तिघांनी केले. त्यांपैकी हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक; खाणीतील वायूंचे प्रयोग ते स्वतःवर करीत आणि प्रसंगी मुलालाही त्यांत ओढीत. मुलाने ऑक्सफर्डमध्ये आधी गणित व नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. विज्ञानाची परीक्षा देऊन मिळविलेली पदवी या थोर शास्त्रज्ञाजवळ नव्हती, हे आम्हां अध्यापकांना जरा अंतर्मुख करणारेच आहे.

पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीच्या गणितावर लेखमाला सुरू केली. मँचेस्टरच्या परिसरात ठिपकेदार पतंगाचा काळा प्रकार १८४८ साली प्रथम आढळला होता. शतक संपेपर्यंत तेथे बहुतेक सारे पतंग काळे झाले. एवढ्या वेगासाठी काळ्या पतंगांची संतती इतरांच्या निदान दीडपट टिकली पाहिजे, असे हॉल्डेन यांनी कागदावर काढले. आकडा अनेकांना अवास्तव वाटला. १९५० च्या दशकात बर्नार्ड केटलवेल यांनी रानात पाहणी केली, तेव्हा तो तसा नव्हता असे दिसले.

१९२७ साली त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. एखाद्या नव्या जनुकामुळे १ टक्का लाभ होत असला, तरी ते समूहात कायमचे रुजण्याची शक्यता १०० त जेमतेम २. उरलेल्या ९८ वेळा चांगली गोष्टही केवळ दैवयोगाने नाहीशी होते!

१९३१ चा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन बदल सुटेसुटे अपायकारक, पण एकत्र आले तर हितकारक, अशी स्थिती असेल तर मोठा समूह जागच्या जागी अडकून पडतो. लहान, विलग टोळ्यांना मात्र ती खिंड ओलांडता येते. संगणकाचेही असेच होते. तो जवळच्या टेकडीवर चढतो आणि तिलाच शिखर समजतो. म्हणून आज उत्तरांचा समूह निरनिराळ्या बेटांवर वाटून वाढविण्याची पद्धत वापरतात.

एवढ्या नितळ बुद्धीलाही ग्रहण लागले. हॉल्डेन कम्युनिस्ट पक्षात गेले. सोव्हिएत रशियात लिसेंको याने जनुकशास्त्राचा उच्छेद मांडला होता; १९२८ साली हॉल्डेन यांना तेथे पाचारण करणारे वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले होते. तरीही हॉल्डेन यांनी कित्येक वर्षे स्पष्ट निषेध केला नाही. पुढे त्यांनी पक्ष सोडला, पण हे मौन क्षम्य मानणे कठीण आहे.

१९५७ साली, सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध करीत, ते महालनोबिस यांच्या कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ॲलेक्स फ्रेझर या जनुकशास्त्रज्ञाने संगणकावर पिढ्यांची नक्कल करून दाखविली. कलकत्त्याच्या संस्थेतही संगणक होता. हॉल्डेन यांनी मात्र विद्यार्थ्यांना पारिजातकाच्या पाकळ्या मोजावयास लावले. गरीब देशात उपकरणांवाचूनही उत्तम संशोधन होते, अशी त्यांची श्रद्धा होती. सुरेश जयकर यांच्यासह १९६३ साली प्रसिद्ध केलेला निबंध, निवडीची दिशा वेळोवेळी बदलली तर जनुकांतील वैविध्य कसे टिकते, हे सांगतो.

धोतर-कुडता आणि शाकाहार त्यांनी मनापासून स्वीकारला होता. अखेरचा मुक्काम भुवनेश्वरला, ओडिशा शासनाच्या प्रयोगशाळेत. कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे अभ्यासासाठी पाठविण्यात आला.