सर एडवर्ड फ्रँकलंड : पाण्यातील अदृश्य मळाचे परीक्षक

विद्यार्थिमित्रहो, रसायनशास्त्राच्या पुस्तकात आपण संयुजेचा धडा शिकतो, त्या कल्पनेचा पाया 1852 साली घालणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे सर एडवर्ड फ्रँकलंड होत. परंतु याच पुरुषाने पाण्यात विरघळलेली घाण हुडकून काढण्यात आणि ती कशी नाहीशी होते हे पडताळून पाहण्यात आयुष्याची कित्येक वर्षे वेचली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांच्या चरित्राचा हाच भाग आम्ही येथे सांगणार आहोत.

फ्रँकलंड यांचा जन्म 18 जानेवारी 1825 रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात झाला. पित्याचे नाव लावण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. आईचेच आडनाव त्यांनी चालविले आणि पुढे ते कीर्तीस नेले. पंधराव्या वर्षी ते लँकेस्टर येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस राहिले. कष्टाची कामे पुष्कळ आणि शिक्षण थोडे, अशी तेथील स्थिती होती. तथापि गावातील एका उदार डॉक्टरांच्या साहाय्याने त्यांना प्रयोग करण्यास जागा मिळाली व रसायनशास्त्राची गोडी लागली. 1845 साली ते लंडनला गेले, 1849 साली जर्मनीतील मारबुर्ग येथे डॉक्टरची पदवी मिळविली, आणि 1851 साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

त्या काळी इंग्लंडातील नद्यांची दशा शोचनीय झाली होती. शहरांचा मैला आणि कारखान्यांची घाण नदीत जाई व तिचेच पाणी खालच्या गावचे लोक पीत. 1865 पासून लंडनच्या पाण्याची दरमहा परीक्षा करण्याचे काम फ्रँकलंड यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये पटकीची साथ येऊन हजारो माणसे दगावली. पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही, हे त्या साथीने सर्वांस कळून चुकले.

मग अदृश्य घाण ओळखावी कशी? फ्रँकलंड यांनी हेन्री आर्मस्ट्राँग या तरुण शिष्याच्या साहाय्याने एक रीत बसविली व ती 1868 साली प्रसिद्ध केली. पाणी आटवून खाली राहिलेला साका तांब्याच्या प्राणिदाबरोबर निर्वात नळीत जाळावयाचा आणि त्यातून निघालेले वायू मोजावयाचे. त्यावरून सेंद्रिय द्रव्यातील कर्ब किती व नत्र किती, हे समजे. प्राण्यांच्या घाणीत नत्राचे प्रमाण अधिक असते. म्हणून घाण वनस्पतींची की प्राण्यांची, याचाही अंदाज बांधता येई. शिवाय घाण कुजून गेल्यावर तिच्यातील नत्र नायट्रेट नावाच्या क्षारांच्या रूपाने मागे राहते. घाण गेली तरी तिचा हा माग पाण्यात सापडतो, असे त्यांनी प्रतिपादिले. ही रीत फार नाजूक व किचकट असल्यामुळे, आणि तिचे निष्कर्ष पाणी पुरविणाऱ्यांस गैरसोयीचे असल्यामुळे, त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण ते डगमगले नाहीत.

1868 साली सरकारने नेमलेल्या नदीप्रदूषण मंडळाचे ते सभासद झाले. वाहते पाणी निर्मळ, असे आपण म्हणतो. थोडे मैल वाहिले की नदी आपोआप शुद्ध होते, असे तेथील पुष्कळ जाणतेही म्हणत. फ्रँकलंड यांनी हे म्हणणे मोजून पाहिले. नदीकाठी ठिकठिकाणचे पाणी तपासले; मैलामिश्रित पाणी बारीक धारेने हवेतून पुनःपुन्हा पडू दिले. घाण कमी होई, पण अतिशय मंदपणे. तिचा संपूर्ण नाश होण्याइतकी लांब नदी ब्रिटनमध्ये एकही नाही, असा निष्कर्ष निघाला.

तथापि केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. सांडपाणी वाळूच्या व मातीच्या उंच थरांतून त्यांनी झिरपविले. ते अखंड सोडले तर माती गुदमरून तिचे काम बंद पडे. परंतु मध्ये मध्ये विसावा देऊन हवा आत शिरू दिली, तर सेंद्रिय घाणीचा पुष्कळसा नाश होई. या तत्त्वावर 1871 साली वेल्समधील मर्थर टिडफिल येथे गावाचे सांडपाणी शुद्ध करण्याची योजना अमलात आली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हे कार्य केवळ हवेतील प्राणवायूचे, असे फ्रँकलंड यांनी मानले होते. 1877 साली फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंझ यांनी अशा थरात क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट तयार होणे थांबले. त्यावरून हे काम मातीतील सूक्ष्म जीवांचे आहे, असे उघड झाले. फ्रँकलंड यांनी मातीस विसावा दिला, तो वस्तुतः या जीवांस श्वास घेता यावा म्हणून उपयोगी पडत होता! त्यांचे पुत्र पर्सी यांनी तर पुढे पाण्यातील जंतू मोजण्याच्या विद्येतच नाव मिळविले. 1914 साली मँचेस्टर येथेच अशा जीवांनी भरलेल्या गाळात हवा खेळवून सांडपाणी शुद्ध करण्याची रीत निघाली आणि ती जगभर पसरली.

9 ऑगस्ट 1899 रोजी नॉर्वे देशात फ्रँकलंड यांचे देहावसान झाले. त्यांचे कारण चुकले, पण मोजमाप चुकले नाही. म्हणूनच पुढच्यांस त्यावर इमारत उभारता आली. बालमित्रहो, ओढ्यात टाकलेला केर डोळ्यांआड झाला म्हणजे नाहीसा झाला, असे समजू नका. तो खालच्या गावच्या कोणाच्या तरी घागरीत जात असतो. एवढी जाणीव आपल्या मनात राहिली, तर हे चरित्र सांगण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.