डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूरला झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर हल्ला केला. तिथल्या लोकांचे फार हाल झाले. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी आपल्या लोकांनी चीनसाठी पैसे गोळा केले. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यात कोटणीस होते. ते तिकडे असताना इकडे त्यांचे वडील वारले. तरी जखमी शिपायांना सोडून ते आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते चीनमध्येच आजाराने वारले. तेव्हा त्यांचं बाळ तान्हं होतं. हे वाचून मला रडू आलं. आधी मला वाटायचं, लांबच्या लढाईचं आपल्याला काय? आता तसं वाटत नाही.